मेण की कुंकू

सोम. १७ जाने. ५५, पनवेल
संक्रांत झाली आणि कपाळ पुन्हा पेटलं. टिकलीएवढं होतं ते रुपयाएवढं झालंय. खाज, मग पाणी, मग खपली. वर्गात फळ्याकडे तोंड करून खाजवते, मुलींना कळतंच. काल हळदीकुंकवाला सात घरी गेले. सातजणींनी आपापलं कुंकू बरोबर त्याच जागी लावलं.

डॉक्टर म्हणाले, "इसब आहे बाई. कुणाला लागायचं नाही. मलम देतो, पण पंधरा दिवस कपाळाला दुसरं काही लावू नका." जसं काही चहा सोडायला सांगावं. सासूबाईंना सांगितलं. "नवरा धडधाकट असताना मोकळं कपाळ? त्या डॉक्टरला बायको नाही वाटतं."

मंगळ. १८
काही लावू नका म्हणजे नक्की काय? मी आधी मेण लावते, त्यावर कुंकू. दोष मेणाचा निघाला तर मेण सोडीन, कुंकू पाण्यात कालवून लावीन. डॉक्टर खूश, सासूबाई खूश. चौथीच्या मुलींना हरभरे रुजवताना सांगते ना, एका वेळी एकच बदल करा. तर डाव्या दंडावर मेण, उजव्यावर ओलं कुंकू. वर फडक्याची पट्टी. दोन दिवस पाणी लावायचं नाही.

गुरु. २०
मे. – काही नाही.
कुं. – लाल, तीन पुळ्या, खाज.
मेणच गुन्हेगार निघावं अशी फार इच्छा होती. शेजारच्या वर्गाच्या रिबेकाबाईंना दंड दाखवले. त्या बेने इस्रायल, कोकणातल्या ज्यू. हसून म्हणाल्या, "आमच्यात कुंकू नाही, तरी आमचे नवरे टिकतात हो." हे घरी सांगायची सोय नाही. येताना दुसऱ्या दुकानातली पुडी आणली. तीही लावून बघते.

रवि. २३
दुसरी पुडी – तेच.
हे काल उरणहून आले. मिठागरावरची कारकुनी, आठवड्यातून एकदा घर. दंड बघून म्हणाले, "माझ्यासाठी कशाला खाजवत बसतेस? सोड सरळ." सासूबाई चुलीपासून, "तू यात बोलू नकोस. हा बायकांचा विषय आहे." ह्यांनी पेपर उघडला. माझ्या कपाळावर ठसठशीत कुं.

बुध. २६
झेंडावंदन. उन्हात उभी, घाम थेट जखमेत. घरी येऊन रडले. सासूबाई जवळ बसल्या. पदरानं माझा घाम टिपला, म्हणाल्या –
"मलाही होतं गं. अठरा वर्षं. कुणाला सांगितलं नाही. तुझे सासरे गेले आणि महिन्याभरात कपाळ स्वच्छ झालं. मला बरं वाटलं. बरं वाटलं म्हणूनच जास्त रडले."

मी विचारलं, पुळ्या की पाणी? विचारून झाल्यावर लाज वाटली, ही काय वेळ होती. पण त्यांनी नीट आठवून सांगितलं. आधी पुळ्या, मग पाणी, थंडीत जास्त. म्हणजे अगदी माझंच. आमचं दोघींचं रक्त एक नाही. कुंकू मात्र एकाच पेठेतलं. हे मी त्यांना बोलून दाखवलं, तर म्हणाल्या, "अठरा वर्षांत मला सुचलं नाही बघ." त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं.

शनि. २९
दुपारी शाळेतून आले तर सासूबाई खोबरेल तेलाचा बोळा घेऊन तयार. "बस इथे." माझं कुंकू त्यांनी स्वतःच्या हातानं पुसलं. पुसून झाल्यावर बोळा चुलीत टाकला आणि दारापुढच्या ओट्यावर जाऊन बसल्या. मी मलम लावलं. कपाळाला वारा लागला, इतकं बरं वाटलं की...

उरणची एस.टी. सहाला येते. आज अजून नाही. एस.टी. वेळेवर कधीच नसते, मला माहीत आहे, त्यांनाही. दोघी ओट्यावर. मला भीती वाटतेय, आणि वाटतेय याचा संताप येतोय. हे मी प्रयोगात धरलंच नव्हतं.

त्यांनी आता विचारलं, "किती वाजले गं?"
आठ वाजलेत. मी सात सांगितले.