चिंचेने घासलेल्या शिवराया

मी, राजलक्ष्मी विजयसिंह खलाटे, वय एकाहत्तर, राहणार काटेवाडी, तालुका बारामती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, चष्मा नवा आहे आणि मला कोणी भरीस घातलेले नाही. आजवर ते कोणाला जमलेही नाही.

कलम १. माझ्या नावची उसाची जमीन, राहते घर व साखर कारखान्याचे शेअर माझा मुलगा अविराज यास मिळावेत. शेती तो नेकीने करतो. नाण्यांतले त्याला काही कळत नाही, त्याबद्दल पुढे येईलच.

कलम २. सोन्याच्या पुतळ्यांची माळ मुलगी वृषाली हिला. ती मोडून बांगड्या करू नयेत. केल्याच तर मला वर कळेल.

कलम ३. दीर कुंडलिकराव यांना एक शिवराई, भोक पाडलेली. रान सपाट करताना त्यांना शिवरायांच्या राज्यातली ही तांब्याची नाणी मूठभर सापडली. मी मागायला गेले, तर भावजींनी नाण्यांना भोके पाडून ती बैलाच्या गळ्यात बांधली. बैल गेल्यावर त्यातली एक मी मिळवली. भोक नेमके अक्षरांवर आहे. ते त्यांनी रोज सकाळी बघावे.

कलम ४. माझा नाण्यांचा संपूर्ण संग्रह, सातवाहनांच्या हत्तीच्या नाण्यापासून ढब्बू पैशापर्यंत, सून मोना हिला मिळावा. तो फोडू नये, विकू नये. प्रत्येक नाणे कोणाच्या रानात, कोणत्या ओढ्याला सापडले ते त्याच्या पाकिटावर लिहिले आहे. पाकीट हरवले की नाणे मुके झाले. पुण्याचा एक व्यापारी नुसती चांदीची मागतो. त्याला चहा पाजावा आणि वाटेला लावावे.

मुलगा असताना सुनेला का, असे भावकी विचारेल. कारण लिहून ठेवते.

माझे माहेर इंदापूर तालुक्यातले. जुने गाव उजनीच्या पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात पाणी उतरले की भीमेचा गाळ उघडा पडतो, आणि त्या गाळात मला शिवराया सापडू लागल्या. माहेराहून बायका साडीचोळी आणतात, मी चिखलाचा पदर घेऊन यायची. तांब्यावर हिरवट काळा थर असे. तो थर हेच त्यांचे वय, त्याला हात लावायचा नसतो. हे मी घरात सगळ्यांना सांगितले होते. यजमान तेव्हा उसाला पाणी धरायला गेले असावेत.

एका दिवाळीला लक्ष्मीपूजनाआधी यजमानांनी त्या सगळ्या शिवराया चिंच लावून घासल्या. देवाच्या भांड्यांसारख्या चकचकीत करून ताटात मांडल्या आणि म्हणाले, "किती मळली हुती गं. आता बघ, कशी लखलखत्यात." थर गेला होता, बरीचशी अक्षरेही गेली होती. मी संक्रांतीपर्यंत अबोला धरला. तेव्हाही नुसते "तिळगूळ घ्या" म्हणाले, "गोड बोला" म्हणाले नाही.

ते, म्हणजे मुलांचे आबा, गेल्यावर अविराजने माळा आवरला. चिरलेल्या घागरीबरोबर त्या शिवराया मोडीत काढल्या. मीही म्हणाले, देऊन टाक, त्यांना आता किंमत नाही. मोनाने मोडवाल्याच्या तराजूतून त्या परत उचलल्या.

म्हणाली, "आई, ह्या आबांच्या हातच्या हायत. मोडीत न्हाय द्यायच्या."

मग तिने पाकीट केले आणि त्यावर लिहिले: 'सापडल्या भीमेच्या गाळात, आईंना. घासल्या आबांनी, दिवाळीत.' ते वाचून मी माजघरात जाऊन पोटभर रडले. माझी सून बंदा रुपया आहे. संग्रह तिचाच. यावर कोणी कोर्टात गेलेच तर हे कलम मोठ्याने वाचावे.

कलम ५. माझ्या अस्थी भीमेत, जुने गाव बुडाले आहे तिथे सोडाव्यात. बरोबर त्या पाकिटातली एक शिवराई सोडावी. ती मोनाने निवडावी. कधीतरी पाणी उतरेल, कोणाला तरी ती सापडेल. तोवर तिच्यावर पुन्हा हिरवा थर धरलेला असेल. ज्याला सापडेल त्याने तिला चिंच लावू नये. घरच्या माणसाने प्रेमाने लावलीच, तर त्याच्याशी अबोला धरू नये.

लिहिले ते सर्व मला मान्य आहे आणि शेवटचे सर्वात जास्त.

सही: राजलक्ष्मी विजयसिंह खलाटे

आमच्या डोळ्यांदेखत सही केली, साक्षीदार:
१. डॉ. नीळकंठ रानडे, बारामती
२. सुधा आबासाहेब देवकर, भवानीनगर

काटेवाडी, ता. बारामती, जि. पुणे
३ फेब्रुवारी २०२५