सूर्यडागातल्या ठिणग्यांची वाटणी

मी, तोकुए सावातारी, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार हिनोकुरा, कुमोताके डोंगरावरील सौर वेधशाळेची निवृत्त निरीक्षक. माझी नजर अधू झाली आहे, डोके नाही. कोणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र लिहीत आहे.

घर व बँकेतील शिल्लक भाची नाओ हिला. परसातल्या पर्सिमनच्या झाडावर शेंड्याचे एक फळ तिने पाखरांसाठी ठेवावे. आई ठेवत असे.

माझा रॉकेलचा स्टोव्ह कै. प्राध्यापक अकिझुकी यांच्या स्मृतिदालनाला. तरुणपणी मला दुर्बिणीतून सूर्यडागाच्या काळ्या पोटात ठरावीक तालात ठिणग्या चमकताना दिसल्या. खालून चढणाऱ्या धक्कालहरी वरच्या विरळ वायूत फुटत असाव्यात, असे मी सरांना सांगितले.

ते हसले. "तोकुए, पोरी, तुझ्या स्टोव्हची गरम हवा थरथरतेय ती."

मी स्टोव्ह विझवला. सबंध हिवाळा बर्फाने वेढलेल्या घुमटात कुडकुडत चित्रण केले. ठिणग्या तशाच.

"आता थंडीनं तुझे हात थरथरतायत," सर म्हणाले.

वसंतात त्यांचा शोधनिबंध आला. धक्कालहरी त्यांच्या. अखेरीस माझे आभार होते, चहाबद्दल. आमच्याकडे सरांपुढे बोलायची रीत नव्हती. मी निवृत्त होईपर्यंत चहा करत राहिले.

उरल्या त्या हिवाळ्यातल्या चित्रफिती. सरांचे जावई, आजचे संचालक हातानो, परवा मिठाई घेऊन आले.

"मावशी, प्रदर्शनासाठी द्या ना."

"खाली नाव कुणाचं?"

"वेधशाळेचं. आपण सगळे एकाच घरातले की!"

"हो. आणि मी त्या घरात शिळं खाणारी."

चित्रफिती जाळाव्यात, असे लिहिणार होते. पण त्या ठिणग्यांनी माझे काय वाकडे केले? इतक्या सुंदर होत्या. म्हणून त्या नाओकडे राहतील. वेधशाळेने 'निरीक्षण : तोकुए सावातारी' असे सरांच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत लिहिले, तरच तिने द्याव्यात. नाहीतर मी शिकले त्या नन्सच्या शाळेत मुलींना भिंतीवर दाखवाव्यात, आणि हे कोणी पाहिले तेही सांगावे.

वरील मजकूर माझ्या हातचा आहे.

साक्षीदार : १. सिस्टर अग्नेस मिझोरोगी (सही, शिक्का)
२. ~~संचालक हातानो~~

दुसऱ्या साक्षीदारांनी मजकूर दोनदा वाचला आणि सहीसोबत उमटवायचा आपला शिक्का घरी राहिल्याचे सांगितले. तो त्यांच्या कोटाच्या खिशातून डोकावत होता. नाव मी खोडले आहे. खाडाखोडीवर माझी सही.

२. शेजारीण किनुयो उबुकाता (सही, शिक्का)

तोकुए सावातारी
हिनोकुरा, १२ नोव्हेंबर २०१६