पहिल्या वाढण्याला नको

सांगवी,
६ फेब्रुवारी २०२५

सौ. इंद्रायणी विहीणबाई यांना चिमाबाईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

इकडं सगळे बरे हायेत. तुम्ही बऱ्या असणारच, तुम्हाला काय झालंय. फोनच केला असता, पण मला कमी ऐकू येतं म्हणून पोरं स्पीकर लावतात आणि सगळं घर कान देऊन बसतं. म्हणून कागद. चौथीच्या पुढं मला कुणी शाळेत बसू दिलं न्हाई, तेव्हा अक्षराला हसू नका.

ऐकलं की आपली नात मैत्री तुम्हाला कोकणात घेऊन चाललीय. समुद्राकाठी काचेतले मोठमोठे मासे बघायची ती बाग, आणि तिथं हिच्या चाकणच्या कंपनीनं बनवलेला नवा पोलादी रोलर कोस्टर. कंपनीनं घरचं एक माणूस आणा म्हणून पास दिला आणि ते एक माणूस देहूरोडला निघालं. बरं झालं. मला आनंदच हाय. दोन दिवस भाकरी गोड लागली न्हाई, ती पीठ जुनं असेल म्हणून.

पोरगी वेल्डिंग शिकते म्हणाली तेव्हा तुम्ही म्हणाला होता, तोंड काळवंडेल, स्थळ येणार न्हाई. मी म्हणाले होते, चुलीपुढं भाजलेली चालते, मग तिथं तर पगार मिळतो. ठिणग्यांनी भोकं पडलेले तिचे कपडे मी शिवले. आणि पास तुम्हाला.

तिनं आधी मला विचारलं होतं, हे खरं हाय. मी म्हणाले, मला म्हातारीला कशाला. मग काय, माणूस लगेच हो म्हणतं व्हय? जेवायला बसलं तरी पहिल्या वाढण्याला नको म्हणायची रीत हाय. म्हणून वाढणारीनं पातेलं नेऊन शेजारच्या ताटात उलथायचं? ह्या पोरीनं माझं नको खरं धरलं आणि सरळ तुम्हाला फोन लावला. तुम्ही म्हणे तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत हो म्हणालात.

जा. पोटात ढवळलं तर पिशवी जवळ ठेवा. लोभ हाय तेवढा असू द्या, वाढवायची घाई न्हाई.

आपली विहीण,
चिमाबाई


देहूरोड,
२० फेब्रुवारी २०२५

श्रीमती चिमाबाई विहीणबाईंना इंद्रायणीचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. अक्षराला हसले नाही, मजकुराला हसले. आमच्या ह्यांना वाचून दाखवलं, तेही हसले. हो, मी लगेच हो म्हणाले. आमच्या माहेरी भावंडांची रांग होती, नको म्हणणारा उपाशी उठायचा.

आता ऐका. फाटकातच माझं बीपी मोजलं आणि मला बसूच दिलं नाही. बाकावरून बघितलं. पहिल्या फेरीला गाडीत पाण्याने भरलेले रबरी पुतळे बसवले होते. माणसांच्या आधी पाण्याची माणसं टिकतात का ते बघतात म्हणे. रूळ माशांच्या टाकीवरून जातो आणि एकदम समुद्राकडे तोंड करून खाली. मैत्री बसली तेव्हा मी डोळे मिटून घेतले.

मग तिने मला एका खांबापाशी नेलं. त्यांच्या कंपनीत जोड मारला की शेजारी आपला शिक्का ठोकायचा, म्हणजे पुढे काही झालं तर कोणाचा हात होता ते कळतं. दोन अक्षरं ज्याची त्याने निवडायची. कोणी पोराचं नाव घेतं, कोणी बायकोचं. मैत्रीचा शिक्का सी बी. मी विचारलं, हे कोण. ती म्हणाली, चिमाबाई. त्या लोखंडाला जिथे जिथे तिचा हात लागलाय, तिथे तुम्ही. मी बोटाने चाचपून पाहिलं. चांगलं खोल उमटलंय.

आता तुम्हीच सांगा, कोणी कोणावर जळायचं. उन्हाळ्यात तिला अजून एक पास मिळणार आहे. विचारेल ती तुम्हालाच. तुम्ही रीत पाळलीत तर मी तयार बसले आहे.

लोभ नसला तरी चालेल, पत्र येऊ द्या.

आपली,
इंद्रायणी


सांगवी,
२ मार्च २०२५

सौ. इंद्रायणी विहीणबाई यांना चिमाबाईचा जयभीम. वि. वि.

शिक्क्याचं वाचलं. मला काही विशेष वाटलं न्हाई. समुद्राची हवा खारी, लोखंड ते लोखंड, गंजायचंच. पण तुम्ही चाचपून आलात तर वर रंग नीट मारलाय का, अक्षरं केवढी हायेत, आल्यागेल्याला दिसतात का, हे काहीच कळवलं न्हाई. असलं अर्धवट कुणी लिहितं का?

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पुढचा कोस्टर बनवशील तेव्हा एखाद्या खांबाला देहूरोडच्या आजीचा शिक्का ठोक, असं मी पोरीला सांगीन. खालच्या खांबाला.

माझं बीपी आजवर कुणी मोजलेलं न्हाई, तेव्हा ते वाढलेलं असायचं कारण न्हाई.

काल मैत्री शिफ्ट सुटल्यावर थेट इकडं आली. चहा पिता पिता उन्हाळ्याचं काढलं. सवयीनं नको तोंडात आलंच होतं. तेवढ्यात डोळ्यांपुढं तुम्ही दिसलात, चपला घालून दारात तयार. तिचं विचारून व्हायच्या आत मी हो म्हणाले. सवय न्हाई ना, तर जरा मोठ्यांदाच निघालं. शेजारची छबूबाई काय झालं म्हणून धावत बाहेर आली.

हे पत्र तुमच्या ह्यांना वाचून दाखवा. लोभ हाय तसा हाय. कोकणातून आल्यावर वाढला तर कळवीन.

आपली विहीण,
चिमाबाई