'रुपेरी गिरणा' आणि शिशाचा 'म्हणे'

दीपक, चष्मा कपाळावर ठेवून घरभर शोधायची तुझी सवय जुनी. म्हणून आधीच आठवण करून देते, 'रुपेरी गिरणा' साप्ताहिकाची मालकीण मी आहे. तू नुसता संपादक. विसरला असशील.

मी, लताबाई रतिलाल महाजन, राहणार जळगाव, वय ऐंशीच्या पुढे, हे मृत्युपत्र स्वखुशीने सांगते आणि हितेंद्र वकील लिहून घेतात. शरीर थकले आहे, डोके जागेवर आहे, जीभ त्याहून जागेवर आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. या घरात दडपण टाकायचे काम माझ्याकडेच होते. मला अक्षरओळख नाही. एकच शब्द ओळखता येतो. तो कोणता, ते पुढे येईल.

कलम १. मालकी माझी कशी, ते. माझे यजमान भडगावला झेडपीच्या शाळेत मास्तर. सरकारी नोकराला असला धंदा चालत नाही, म्हणून नोंदणीच्या कागदावर माझा अंगठा. नटनट्यांच्या बातम्यांचे साप्ताहिक, आणि चालवणाऱ्याने मुंबई पाहिलेली नाही! टॉकीजवर सिनेमाच्या पेट्या घेऊन येणारा माणूस जे बोलेल ते छापायचे. पहिला अंक पडून राहिला. दुसऱ्यात छापले की एक मोठी नटी जळगाव स्टेशनावर उतरली आणि अशी केळी जन्मात खाल्ली नाहीत असे बोलली म्हणे. रावेरच्या केळीवाल्यांनी गठ्ठेच्या गठ्ठे नेले. धुळ्याच्या स्टँडवर अंक पुरेना. मी विचारले, "कोणती हो नटी?" ते हसले. "अवं, मांगे 'म्हणे' लाई दिधं का कोर्टनंबी भ्याव नही."

मग तो शब्द इतका लागू लागला की छापखान्यात खिळे जुळवणारे गिरधरभाऊ शिशाचा 'म्हणे' दोऱ्याने बांधून तयारच ठेवत. एकदा शाई लावून त्यांनी तो माझ्या तळहातावर उठवला. "वहिनी, हाऊ शब्द बठ्ठं घर पोसस." सगळे घर पोसणारा शब्द! हात धुतला, आकार डोळ्यांत राहिला.

कलम २. यजमानांच्या खोट्याने केळी खपली, कोणाचे घर बसले नाही. त्यांच्यामागे आमचा मुलगा दीपक आला. आता नट्या आपल्या बातम्या आपणच मोबाइलवर टाकतात, अंक कोण घेणार? तेव्हा याने अहिराणी गाण्यांत काम करणाऱ्या आपल्याच पोरींकडे तोंड वळवले. माझी मयत मुलगी मोहिनी हिची मुलगी ऋतिका माझ्याजवळ वाढली, त्याच गाण्यांत नाचून नावारूपाला आली. गेल्या चैत्रात तिचा फोटो मुखपृष्ठावर आला. मी हरखून अंक हातात घेतला, आणि फोटोखाली तो शब्द ओळखला.

दीपकच्या बायकोला, पुनमला, वाचायला सांगितले. ती वाचेना, रडू लागली. मग रडतच वाचले. ऋतिका साक्रीला शूटिंगला गेली ती एका लग्न झालेल्या निर्मात्याबरोबर हॉटेलात राहिली म्हणे.

मी येथे अंगठ्यानिशी सांगते की त्या रात्री ती साक्रीला माझ्या बहिणीच्या घरी माझ्या शेजारी झोपली होती, आणि घोरत होती. आम्हा दोघींना गाडीत दीपकनेच बसवून दिले होते. विचारले तर उत्तर काय? "आई, घरनीच पोर शे. ती काय केस करी? आन् मी 'म्हणे' लिखेल शे ना!"

दोंडाईच्याच्या सुनंदाबाईंच्या मुलाशी तिचे लग्न वैशाखात ठरले होते. त्यांचा फोन आला, "आमचा विश्वास आहे हो, पण लोक वाचतात." लग्न मोडले.

वकीलसाहेब म्हणतात, इतके सविस्तर नको. त्याने मुखपृष्ठावर लिहिले, मी मृत्युपत्रातही लिहू नये?

कलम ३. माझे राहते घर, बँकेतली शिल्लक आणि 'रुपेरी गिरणा' हे नाव मालकीसह ऋतिकाला. नाव विकायला दीपकने गिऱ्हाईक पाहून ठेवले आहे. विकणारा मालक नव्हता, असे त्या गिऱ्हाइकाला कळवावे. अट एकच. माझ्यामागे पहिल्या अंकात तोच फोटो, तेवढाच मोठा, मुखपृष्ठावरच छापावा, आणि खाली लिहावे: "ही बातमी खोटी होती. ती दीपक रतिलाल महाजन याने खोटी आहे हे माहीत असून छापली." पुढे काही जोडू नये. मग साप्ताहिक चालवायचे की बुडवायचे, तिची मर्जी.

कलम ४. माझी सोन्याची पोत पुनमला. चैत्रातल्या त्या अंकाचे उरलेले गठ्ठे तिने नवऱ्यादेखत बंबात घातले.

कलम ५. छापखान्याचे खिळे मोडीत गेले तेव्हा गिरधरभाऊंनी तो बांधलेला शब्द मला आणून दिला. माझ्या मिसरीच्या डबीत आहे. तो दीपकला. दुसरे काहीही नाही. लोकांनी विचारले तर त्याने सांगावे, आईने माझ्यासाठी पुष्कळ ठेवले म्हणे.

हे सर्व मला वाचून दाखवले, समजले, आणि तो शब्द मी सांगितला तिथेच आहे हे मी बोटाने तपासले.

डाव्या हाताचा अंगठा: लताबाई रतिलाल महाजन
साक्षीदार: १. पुष्पाबाई वाणी, शेजारी (सही) २. झुलाल पाटील, निवृत्त पोस्टमन (सही)
जळगाव, ११ जून २०२५

अंगठ्याखाली लिहिलेले कायद्यात धरत नाहीत, असे वकीलसाहेब सांगतात. हे कायद्यासाठी नाहीच. पुनम, तू ऐक. ऋतिकाच्या लग्नासाठी वाळवलेल्या ज्वारीच्या बिबड्या माळ्यावरच्या डब्यात आहेत. नवा अंक निघाला की त्याच्या मुखपृष्ठात गुंडाळून दोंडाईच्याला सुनंदाबाईंकडे पाठव. सोबत गोड काही नको. आणि तळून पाठवू नकोस, कागदाला तेल लागले तर अक्षर पुसट होते.