बाबांच्या टेबलाचा रंग

८ फेब्रुवारी
पाय लागले एकदाचे! चारही. एक लंगडत होता, त्याला तासून सरळ केलं. बाबांच्या पलंगावर आडवं बसेल असं बुटकं टेबल. अर्धांगाचा झटका आल्यापासून ते ताट मांडीवर घेऊन जेवतात, निम्मं चादरीवर. दादा म्हणाला, "बाजारात तयार मिळतं की." मिळतं. पण मला करायचंय.

१० फेब्रुवारी
पॉलिश पेपर मारला. आधी जाडा, मग बारीक. नाकात भुसा, केसांत भुसा. आई म्हणते, "लग्नाचं वय गेलं नि बया सुतारकाम शिकतेय!" हसून म्हणते, म्हणून चालतं.

१३ फेब्रुवारी
टाकाऊ फळीवर तीन छटा लावून बाबांपुढे धरल्या. जीभ जड झालीय त्यांची, शब्द एकेक करून येतो. बराच वेळ बघितलं. मग — "चहा. कमी… दुधाचा." आम्ही सगळे हसलो. मधली छटा ठरली.

१५ फेब्रुवारी
रंग चढला. फडक्याने लाकडाच्या रेषेच्या दिशेने पुसत गेले. हात एका जागी थांबला की तिथे डाग! कडेने पानांची वेल काढली, जाड कागद कापून केलेल्या साच्यातून. एक पान उलटं पडलं. बाबांनी नेमकं त्याच्यावर बोट ठेवलं. नजर शाबूत आहे म्हाताऱ्याची.

१७ फेब्रुवारी
घाईत दोन ओळी. दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर दुपारची पाळी आहे. सकाळी जवसाच्या तेलाचे दोन हात दिले. काय खुललंय लाकूड! टेबल वाळायला स्वयंपाकघरात, तेलाने माखलेल्या फडक्यांचे बोळे गॅलरीतल्या बादलीत कोंबले. उद्या बाबा त्यावर जेवणार.

२६ फेब्रुवारी
बाबा काल गेले.

आग लागली ती सतरा तारखेलाच, चारच्या सुमारास. आई शेजारी गेली होती, दादा औषध आणायला खाली. गॅलरीतून पडदा पेटला, पडद्यावरून गादी. बाबांना हाक मारता येत नव्हती. दादाने आत शिरून त्यांना उचलून आणलं. त्याचे दोन्ही हात भाजले. बाबा आठ दिवस राहिले.

टेबलाला धगसुद्धा लागली नाही.

२ मार्च
दादाने पोलिसांना आपणहून सांगितलं — निघण्याआधी गॅलरीत सिगारेट ओढली होती. "विझवली होती. बहुतेक."

बहुतेक! आईने तेवढाच शब्द धरून ठेवलाय.

५ मार्च
आईने दादाचं ताट मांडलं नाही. "माझ्या माणसाला जाळलंस तू." तो पट्ट्या बांधलेल्या हातांनी पिशवी भरत होता. मी भरू लागले तर म्हणाला, "राहू दे."

१९ मार्च
दादाने खोली घेतली. पत्ता मला दिला. आईला सांगायला गेले तर म्हणाली, "माझ्या कानावर घालू नकोस."

११ एप्रिल
रंगारी आला. भिंती खरवडून झाल्यावर गॅलरीच्या कोपऱ्यात उकिडवा बसला. "आग इथून उठलीय, ताई. फरशी बघा, इथेच तडकलीय. काय होतं इथे?"

बादली, म्हटलं. बोळे होते. जवसाच्या तेलाचे.

तो बघतच राहिला माझ्याकडे. "ते सुटे करून वाळत घालायचे असतात. कोंबून ठेवले की आतल्या आत तापतात नि पेट घेतात. काडीसुद्धा लागत नाही. कुणी सांगितलं नव्हतं तुम्हाला?"

नाही. कुणीच नाही.

आई स्वयंपाकघरात होती, नळ चालू होता. ऐकू गेलं नसावं. मी म्हटलं, त्या कोपऱ्यात रंगाचा एक हात जास्त द्या.

१२ एप्रिल
गप्प राहिले.

१३ एप्रिल
आजही.

२० एप्रिल
आई आता माझ्या शेजारीच अंथरूण घालते. माझी ओढणी मुठीत धरून झोपते. "तू आहेस म्हणून मी आहे गं." आणि मग दादाला शिव्याशाप. मी "हं" म्हणते. हं! जिभेला हाड नसतं म्हणतात, माझ्या तर पाठीलाही नाही.

४ मे
दादाकडे गेले. हातांची कातडी गुलाबी, ताणलेली. मूठ मिटत नाही. कपाला कान आहे, पण बोट आत जात नाही म्हणून तो चहा वाटीतून पितो.

सगळं सांगितलं. बादली, बोळे, रंगारी, तेवीस दिवसांचं गप्प बसणं.

त्याने चहाची वाटी खाली ठेवली. मग म्हणाला, "म्हणजे विझली होती." पुन्हा — "माझी विझली होती." आणि ओक्साबोक्शी रडला. मारलं असतं तर बरं झालं असतं.

दाराशी आल्यावर म्हणाला, "आईला सांगू नकोस. तिला तूच उरलीयस. माझं मला कळलं, बास."

जिन्यात बसून राहिले. मी हेच ऐकायला गेले होते. ऐकलं, हायसं वाटलं — आणि त्या हायसं वाटण्याचीच शिसारी आली.

९ मे
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. शेवटच्या काडीपर्यंत निवडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्याचा पत्ता लिहून दे. मोठ्या अक्षरात."

लिहून दिला.