कुमार-कपाटाची वेष्टणं

२ सप्टेंबर १९५६, रविवार

फाडलं! माझ्या डोळ्यांदेखत फाडलं. नवं कोरं पुस्तक, पुण्याहून आलेलं, अजून शाईचा वास होता — 'तराफ्यावरचे तिघे'. पुस्तकं बांधणाऱ्या जिल्दसाजानं मुखपृष्ठ चिमटीत धरलं, टर्रकन ओढलं आणि बोळा करून मागं फेकलं. मी ओरडलो. तो शांतपणे म्हणतो, "चिल्लारे काइकू मियाँ? तुम्हारे लोगांच बोले — तस्वीर निकालको खाकी लगाव." आणि लावलंच खाकी कापड. पाठीवर पांढरा नंबर. पुस्तक पोलिसात भरती!

हैदराबादेतल्या हिमायतनगरच्या आमच्या मराठी वाचनालयाची ही रीतच आहे. चित्र टिकत नाही, कापड टिकतं म्हणे. त्यामुळे कुमार कादंबऱ्यांचं अख्खं कपाट खाकी. इथली पोरं उर्दू शाळांतून शिकलेली, मराठी अक्षर लावत लावत वाचतात. त्यांनी पुस्तक निवडायचं कशावरून? जाडीवरून! सगळ्यात बारीक ते आधी जातं.

तसं ते फाडलेलं चित्रही गाढवपणाचंच होतं. गोष्टीत बांबूचा तराफा, चित्रात तीन डोलकाठ्यांचं गलबत. गोष्टीत अमावास्या, चित्रात परातीएवढा चंद्र. चित्रकारानं पुस्तक उघडलंच नसणार. पण वाईट का होईना, काहीतरी होतं ना!

४ सप्टेंबर

अप्पारावांशी जुंपली. ते रिटायर्ड हेडमास्तर, वाचनालयाच्या कमिटीवर सगळ्यात वडील. मी म्हटलं चित्रं फाडू नका. ते म्हणाले, "पुस्तक आतून वाचायचं असतं, श्रीपती. बाहेरून बघतं ते गिऱ्हाईक."

"मग तुम्ही शाळेत पोरांना उघडी का नाही बसवलीत? आतून हुशार असली की झालं!"

सगळे हसले. अप्पाराव नाही हसले. "इंटर अर्धवट टाकलेल्यानं पुस्तकांवर बोलू नये," म्हणाले.

कान तापले. हो, टाकलं! भूमिती उर्दूत शिकलो, ती कॉलेजात एकदम इंग्रजीत आली. प्रोफेसरानं वर्गात उभं करून हसं केलं. पुस्तक टेबलावर आपटून बाहेर पडलो, तो आजपर्यंत. पण कादंबऱ्या वाचायला इंग्रजी भूमिती लागत नाही!

हे बोलणारच होतो, तेवढ्यात कोपऱ्यातून आवाज आला — "मग तुम्हीच का काढत नाही चित्रं?"

भामा. कार्यवाह भगवंतरावांची मुलगी. दुपारी बायकांच्या वेळेला तीच पुस्तकं देते. इंटर पास झालेली. हनुवटीवर डावीकडे तीळ. (हे लिहायला नको होतं. असू दे. ही वही कोण वाचतंय!)

"काढतो!" मी म्हणालो.

९ सप्टेंबर, रविवार

भगवंतरावांनी परवानगी दिली. जिल्दीला हात लावायचा नाही, वरून कागदाचं वेष्टण घालायचं. घालतो! सगळ्या कपाटाला घालतो.

बेगम बाजारात बाबांच्या हळदीच्या दुकानाशेजारीच रंगाच्या पुड्या मिळतात. पुडी, डिंक, पाणी. कागद जाड, पिवळसर. तातेराव आडत्यांचा, म्हणजे बाबांचा, धाकटा चिरंजीव काय करतोय हे सगळ्या बाजारानं पाहिलं. "हळद तोलायला हात दुखतात, आणि हे चालतं का?" इति बाबा.

चालतं.

१३ सप्टेंबर

काढण्याआधी मतं लिहून ठेवतो, नाहीतर डोक्यात तापत राहतात.

'घंटेचे भुयार' — पहिली शंभर पानं फक्कड. मग शेवटी एक काका येतात आणि खुर्चीत बसून सगळं उलगडून सांगतात. काका आले की मी पुस्तक मिटतो. पोरांनी एवढं चिखलात लोळायचं आणि श्रेय काकांना!

'निळ्या दिव्याची गढी' — खलनायक लंगडा. का? पाय धड असलेला माणूस बदमाश नसतो? लेखकानं आमच्या गल्लीत यावं.

आणि सगळ्यांनाच एक रोग — नायक पुण्याचा, सुट्टीत मामाकडे कोकणात. एकाही पुस्तकात एकही मराठी पोरगं हैदराबादचं नाही. एकही "नक्को" म्हणत नाही. "हो"च्या जागी "हौ" म्हणत नाही. आम्ही काय मराठी नाही? माझ्या चित्रात तरी पोरं चारमिनारच्या बाजूची दिसतील. पायजमे घालीन त्यांना!

१६ सप्टेंबर

आठ वेष्टणं चढवली. फजिती. डिंक कमी पडला. 'घंटेचे भुयार' नेणाऱ्या पोरींचे हात लाल, परकर लाल. भामा म्हणाली, "पुस्तक दिलंत की शेंदूर?"

वहिनी म्हणाल्या वरून तांदळाच्या खळीचा पातळ हात द्या. दिला. आता सुटत नाही. कडक होतं, जरा करकरतं, पण सुटत नाही.

२३ सप्टेंबर

आज 'निळ्या दिव्याची गढी'साठी दोघं भांडले! कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक!! गेल्या वर्षी कुणी हात लावला नव्हता. अप्पाराव चष्म्यावरून बघत होते. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून दोनदा गेलो.

भामा चित्रं एक एक हातात घेऊन बघत होती. बराच वेळ. मी खिडकीबाहेर बघत असल्यासारखं केलं.

अजून बारा राहिलीत. दसऱ्याच्या आत संपवणारच.

३० सप्टेंबर, रविवार

मेलो.

वहिनी बायकांच्या वेळेला वाचनालयात गेल्या होत्या. आल्या त्या पदर तोंडाला लावून. दादा घरात नव्हता म्हणून बरं.

"भावजी, एक विचारू? त्या भुयारातली पोरगी कोण हो?"

"कोण म्हणजे? गोष्टीतली. शालिनी."

"आणि गढीतली?"

"ती कुसुम."

"आणि तराफ्यावरची?"

"वहिनी, काय ते सरळ बोला."

"सरळच सांगते. सगळ्या बायका एकेक पुस्तक उचलतायत आणि म्हणतायत, अगं बाई, ही भामा! ही पण भामाच! तीळसुद्धा काढलाय हो भावजी तुम्ही. डावीकडेच!"

मला खरंच कळलं नव्हतं. शपथ! पोरगी काढायची म्हटलं की हात तिकडेच जात होता. वीस पुस्तकं. वीस भामा.

१ ऑक्टोबर

भगवंतरावांनी सगळी वेष्टणं काढून घेतली. ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. "तुझ्या मनात वाईट नव्हतं हे मला कळतं. पण गावाला कळत नाही, श्रीपती. थोडे दिवस इकडे येऊ नकोस."

कपाट पुन्हा खाकी.

७ ऑक्टोबर, रविवार

नवरात्राच्या हळदीकुंकवाला भामा आमच्याकडे बरकतपुऱ्यात आली. बायका आत, मी बाहेर ओसरीवर. जाताना थांबली. हातात गठ्ठा — माझी वेष्टणं. वहिनी तिच्यामागे उभ्या राहिल्या, म्हणजे बोलायला हरकत नाही.

मी माफी मागायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "चेहऱ्याचं सोडा. चेहरा चांगला आलाय. पण मी सगळीकडे करतेय काय?"

"म्हणजे?"

"इथं मी पोराच्या मागे उभी. इथं दाराआड. इथं डोळ्यांवर हात. तराफ्यावर तर बसूनच आहे, भिजू नये म्हणून पदर सावरत! तुम्ही वाचलंय ना हे पुस्तक?"

"तीनदा!"

"मग दोर कोण कापतं? पुरात उडी टाकून तराफा कोण आणतं काठाला?"

मी आठवायला लागलो.

"त्या पुण्याच्या चित्रकारानं पुस्तक उघडलं नाही म्हणून केवढे ओरडत होतात," ती म्हणाली. "त्यानं निदान उघडलं नव्हतं."

गठ्ठा ओसरीवर ठेवला आणि गेली. वहिनी मला म्हणाल्या, "पाणी देऊ का भावजी?"

८ ऑक्टोबर

वाचत बसलोय. दुकानात गेलो नाही. तराफ्याचा दोर ती पोरगीच कापते. कोयत्यानं. पान एकशे बारा. मला आठवत होतं की पोरानं कापला!

९ ऑक्टोबर

भुयारात घंटा कोण वाजवतं? शालिनी. गढीचा निळा दिवा कोण विझवतं? कुसुम. लेखकांनी लिहून ठेवलंय, छापलंय, आणि मी वाचून विसरलो. कसं काय?

पुन्हा काढणार. सगळी. पहिल्यापासून. कुणी लावो न लावो.

११ ऑक्टोबर

रोज एक. आज कोयता जमला. मनगट जमत नव्हतं, वहिनींना विळी धरायला लावलं. "मला नका हो काढू," म्हणाल्या. चेहरा ओळखीतल्या कुणाचाच नाही. तराफ्यावरच्या यमुनेचा चेहरा यमुनेचा. जड जातं. पण जमतंय.

१२ ऑक्टोबर

वहिनी बातमी घेऊन आल्या. भगवंतरावांकडे सरकारी ऑर्डर आली. औरंगाबाद!

होणारच होतं. एक नोव्हेंबरला आमच्या स्टेटचे तीन तुकडे. तेलुगू मुलूख आंध्राकडे, कानडी म्हैसूरकडे, मराठवाडा मुंबईकडे. सचिवालयातले भगवंतरावांसारखे मराठी लोक रोज कुणी ना कुणी गाशा गुंडाळतायत. आमच्या गल्लीतली दोन घरं गेली. आता हे.

नकाशावर कुणीतरी रेघ ओढतो आणि ती बरोबर माझ्या छातीवरून जाते!

नाही. रडायचं नाही. विचारायचं.

१४ ऑक्टोबर, दसरा

सोनं द्यायला भगवंतरावांकडे गेलो. आज कुणी कुणाला अडवत नाही. आपट्याची पानं त्यांच्या हातात ठेवली, पाया पडलो, आणि खाली वाकलेलो असतानाच म्हणालो, "मला भामाला मागणी घालायचीय. बाबांना पाठवू का? एक तारखेच्या आत ठरावं."

वाकूनच होतो, त्यांचा चेहरा दिसला नाही. बरं झालं.

"ऊठ," म्हणाले. "एक तारखेची तुला काय घाई?"

"सगळंच बदलणार आहे म्हणून."

"हं." त्यांनी पानं कोनाड्यात ठेवली. "तू करतोस काय सध्या?"

"हळद तोलतो. आणि चित्रं."

"आधी इंटर पुरी कर. आणि श्रीपती — तिला विचारलंस?"

"तिला? तिला काय विचारायचं? हे मोठ्यांशी बोलायचं असतं ना!"

ते हसले. का हसले कळलं नाही. आतल्या खोलीत ट्रंक उघडी पडली होती, घड्या घातलेली लुगडी वर. भामाची आई डोळे पुसत होती. घर मोडतंय बिचाऱ्यांचं. मी जास्त थांबलो नाही.

१५ ऑक्टोबर

नाही म्हणाले नाहीत! रात्रभर तेच. "इंटर पुरी कर" म्हणाले. म्हणजे पुरी केली तर?

औरंगाबादलाही कॉलेज आहे!!

२१ ऑक्टोबर, रविवार

बाबांना सांगून टाकलं. औरंगाबादला जातो, कॉलेजात नाव घालतो, पोटापुरतं हळदीच्या एखाद्या आडतीवर राबीन. भगवंतरावांच्या शेजारी खोली घेईन. रोज त्यांच्यासमोर अभ्यास करीन. बघू दे त्यांना!

बाबा म्हणाले, "इथं चार पावलांवर कॉलेज होतं. ते सोडून औरंगाबाद?"

"हो."

"हे शिक्षणाचं वेड नव्हे."

"नसू दे. पण पास होईन."

बाबांनी हिशेबाची वही ओढली. दादा म्हणाला, "डोस्कं फिरलंय याचं." संध्याकाळी बघतो तर वहिनींनी माझे दोन सदरे शिवून ठेवले होते, बटणं लावून.

ठरलं. जाणार.

२७ ऑक्टोबर

वीसही पुरी झाली. वहिनींनी नेऊन दिली, भगवंतरावांनी या वेळी अडवलं नाही. भामानं तिथंच बसून एक एक पाहिलं म्हणे, आणि स्वतःच्या हातांनी चढवली. तराफ्याचं अप्पारावांनी हातात घेतलं आणि म्हणाले, "ही पोरगी कोयता कशाला घेते?" भामा म्हणाली, "वाचा." घेऊन गेले घरी!

३० ऑक्टोबर

वहिनींनी गाडी विचारून आणली. उद्या सकाळची, मनमाडची. भामाच्या घरची निघणार — दिवाळी दोन दिवसांवर असताना! ऑर्डर म्हणजे ऑर्डर. मीही त्याच गाडीनं. भगवंतरावांचं सामान उचलायला हात लागतीलच.

वळकटी बांधली. सतरंजी, दोन सदरे, भूमितीचं पुस्तक. इंग्रजी.

३१ ऑक्टोबर

काचीगुड्याच्या फलाटावर एकच ट्रंक. एकच फिरकीचा तांब्या. भगवंतराव कोट-टोपीत, हातात कचेरीचा डबा. मी वळकटी खांद्यावर घेऊन धावत गेलो — "चढा ना, गाडी सुटेल! बाकीचं सामान कुठाय?"

"मी कुठं चढू? माझी कचेरी इथंच राहिली. ऑर्डर भामाची आहे. मुलींच्या शाळेवर, शिक्षिका. अर्जही तिनंच केला होता. हिची आई म्हणाली, एकटी पोरगी जातेय, बोभाटा नको — म्हणून सांगितलं नाही कुणाला."

भामा डब्याच्या दारात उभी होती. "तुम्ही कुठं निघालात?"

गाडीनं शिट्टी दिली. माझ्या तोंडून निघालं, "तुम्हाला सोडायला आलो."

"मग ती वळकटी खाली ठेवा," ती म्हणाली. "जड दिसतेय."

ठेवली.