उष्टावणाचा तांदूळ

प्रिय दादा,

हे पत्र मी टाकणार नाही, म्हणून तरी खरं लिहिते.

आमच्या कसब्यातल्या दुकानात तांदळाच्या पिशव्यांवर अजून तुझा हसरा फोटो आहे आणि खाली 'मुळशीचा अस्सल आंबेमोहर'. आत कुठलातरी परराज्यातला तांदूळ. तू तर तीन वर्षांत इथे एक पोतंही दिलेलं नाहीस.

काल तपासणीचे साहेब आले. माल जिथला, तिथलंच नाव पिशवीवर हवं, असा कायदा आहे. साहेब येण्याआधी फोन करतात, तेवढी रीत पाळतात. फोन ठेवून सासरे म्हणाले, "उत्कर्षा, भावाने पाठवलेला तांदूळ काढ."

बाळाच्या उष्टावणासाठी तू पाठवलेले ते पाच किलो. मी नुसते काढून दिले नाहीत दादा, तुझ्या फोटोच्या पिशव्यांत स्वतः भरले.

साहेबांनी मूठ नाकाशी धरली. "अस्सल," म्हणाले. मग फोटोकडे बोट दाखवून विचारलं, "हे कोण?"

"माझा भाऊ."

तेवढं एकच खरं बोलले, आणि त्याचीच सगळ्यात जास्त किळस आली. उरलेला तांदूळ साहेब घरी घेऊन गेले.

रविवारी तू येशील. पहिला घास मामाच्या हातचा, म्हणून बाळाला खीर भरवशील. ती दुकानातल्या तांदळाची असेल. वास का येत नाही, असं विचारू नकोस. विचारलंस, तर मी सगळ्यांदेखत सांगेन, की यंदा तुझ्याच तांदळाला वास नव्हता.

तुझी म्हणवणारी,
उत्कर्षा